आपल्या बाजूचे लोक

मी घंटी न देता बस थांबली, असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं.

आमच्या मार्गावर ड्रायव्हर आणि कंडक्टर चालत्या गाडीत एकमेकांशी बोलत नाहीत. गर्दीत ऐकूच येत नाही. छताखालून पुढे गेलेली दोरी हीच आमची भाषा. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. संसारात एवढ्या दोन शब्दांवर भागलं असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती, असं मी माझ्या नवऱ्याला अधूनमधून ऐकवते. तर त्या दिवशी दोन स्टॉपच्या मधेच बस कडेला लागून उभी राहिली. हातातली सुटी नाणी तशीच मुठीत धरून मी पुढे निघाले, ते चार शब्द सुनावायलाच. माझे ड्रायव्हर दादा स्टिअरिंगवर उजवा हात ठेवून बसले होते. ब्रेक ओढलेला, इंजिन बंद, धोक्याचे दिवे लुकलुकत होते. डावा हात मांडीवर पडला होता.

“मास्तरीण,” ते जड जिभेने म्हणाले, “लोकांना मागच्या गाडीत बसव.”

उभ्या असलेल्या एकाचाही तोल गेला नव्हता. डोक्यात रक्ताची गाठ अडकलेली असताना या माणसाने गाडी अशी थांबवली की पिशवीतलं अंडं फुटू नये. म्हणून तर अख्खा डेपो त्यांना मखमल म्हणतो. बाकीचे ड्रायव्हर ब्रेक मारतात, दादा ब्रेक लावतात. माझ्या पहिल्या दिवशी, तिकीट फाडता फाडता मी प्रत्येक वळणावर कुणाच्या तरी अंगावर पडत होते. दुपारी त्यांनी विचारलं की पाय कुठे ठेवतेस. मग त्यांनी मला उभं राहायला शिकवलं. माझ्या पायांना गाडी कळते ती त्यांच्यामुळे. मला मास्तरीण हे नावही त्यांचंच, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला अजून कळलेलं नाही.

दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा डावा हात लोंबत होता. पण व्यायामाला माणूस असा भिडला की फिजिओथेरपीवाली बाईच दमली. रबरी चेंडू दाबून दाबून फुटला. चालायला लागले, जिना चढायला लागले, जीभ सुटली, आणि सुटली ती पूर्वीपेक्षा जास्तच. डॉक्टरांनी हात बघितला, पाय बघितला, समोर अक्षरांचा तक्ता धरला. नजर उत्तम, ताकद परत आली, छान प्रगती आहे म्हणाले. गाडीचं विचारल्यावर मात्र ते तुमचा डेपो ठरवेल, घाई करू नका, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. डॉक्टरमंडळींचं हे बरं असतं.

डेपोने परीक्षा ठेवली. आवारात शंकू मांडून एक फेरी, मग रिकामी गाडी घेऊन रस्त्यावर. पास झाले तर पुन्हा आमचा मार्ग, नापास झाले तर हलकं काम. हलकं काम म्हणजे हरवलेल्या वस्तूंची खिडकी, जिथे दिवसभर लोकांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळायच्या. दादा एकदा जेवताना शांतपणे म्हणाले होते, “त्या खिडकीत बसवण्यापेक्षा मला भंगारात काढा.” त्यांची बायको, म्हणजे आमची वहिनी, हसली नाही. त्यांची औषधं तिने त्या दिवसापासून आपल्या शिवणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली आणि डब्याला कुलूप लावलं. वहिनी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. दाभणासारख्या सुया बोटात गेल्या तरी हूं की चूं करत नाही. ती कुलपाची गोष्ट मला सांगताना मात्र दाराआड उभी राहून, तोंडावर पदर धरून रडली. “त्यांना कळलंय,” ती म्हणाली. “गोळ्या मागताना ते किल्लीकडे बघत नाहीत.”

मॅनेजर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले की परीक्षा काय, पंधरा मिनिटांची. तू त्यांच्यामागे इतकी वर्षं उभी राहिलीस. सोमवारच्या आधी मला एवढंच सांग की माणूस तयार आहे का. तू हो म्हणालीस तर परीक्षा मी नावापुरतीच घेईन. मी हो म्हणणारच होते, ओठांवर आलंच होतं. पण पाठीमागे पन्नास-साठ माणसं उभी असतात, हे मला विसरता येत नाही. आधी बघते, मग सांगते, म्हणाले.

बघायचं कुठे? तर त्यांच्या घरात, खिडकीजवळच्या मशीनवर.

त्यांची लेक दूर दुसऱ्या शहरात पुलांची चित्रं काढण्याचं काम करते. तिने आपला जुना कॉम्प्युटर बापाला पाठवला आणि त्यात बस चालवण्याचा एक गेम घालून दिला. गेम म्हणजे पोरखेळ, असं मीही म्हणत होते. पण त्यात सगळं होतं. किल्ली फिरवली की इंजिन धडधडतं, दार उघडल्याचा फुस्स आवाज येतो, वेळापत्रक असतं, सिग्नल असतो आणि प्रवासी असतात. त्याच्याबरोबर आलेलं चाक मात्र थाळीएवढं होतं. दादांनी ते हातात घेतलं आणि तोंड असं केलं की विचारू नका. मग डेपोतल्या मेकॅनिकने भंगारातल्या एका बसचं खरं स्टिअरिंग काढून त्या खेळण्याच्या दांड्यावर बसवून दिलं. ते टेबलावर राहीना, म्हणून वहिनीच्या जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर फळी टाकून नटबोल्टने आवळलं. डावीकडे वहिनीचं कपाट, उजवीकडे खिडकी, मधे दादा. पहिल्यांदा त्यांनी त्या मोठ्या चाकावर दोन्ही हात ठेवले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली.

आणि मग तो गेम चालेना.

म्हणजे सुरू व्हायचा, दोन-तीन चौक नीट जायचा, आणि बाजारपेठ आली की धापा टाकायचा. चित्र थांबायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं. इमारती आधी नुसत्या करड्या खोक्यांसारख्या दिसायच्या आणि बस अगदी जवळ गेल्यावर त्यांना खिडक्या फुटायच्या. स्टॉपवरचे लोक बस निघून गेल्यावर उगवायचे. दादा स्टॉप चुकवायचे, कठड्याला घासायचे, आणि शेवटी पडदा काळा होऊन पाटी यायची की मेमरी संपली. असं रोज चाललं होतं. दादा घामाघूम होऊन उठायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, “हे यंत्र अडकतंय की मी अडकतोय?” यंत्रच, असं मी ताडकन म्हणाले. पडद्यावर दिसतच होतं ना मला. पण ज्या माणसाला आयुष्यात कधी आपल्या पायाबद्दल शंका आली नाही, तो आता स्वतःच्याच बोटांकडे चोरासारखा बघत होता.

मेमरी संपली म्हटल्यावर वहिनीने काय करावं? फोनची मेमरी भरली की आपण फोटो पुसतो. तिने त्याच हिशेबाने एका दुपारी बसून कॉम्प्युटरमधले फोटो पुसायला घेतले. लेकीचं बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन, स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ, सगळं. एकेक बघायची, डोळे पुसायची आणि काढून टाकायची. मी पोहोचले तेव्हा लग्न पुसून झालं होतं. “राहू दे गं,” मला म्हणाली, “लग्न माझ्या लक्षात आहे. ह्यांची गाडी चालली पाहिजे.” गेमला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. लेकीने फोनवरून आईला इतकं झापलं की तीही रडली आणि हीही रडली. मग तिने सांगितलं की फोटो राहतात ती जागा कपाटासारखी, आणि गेमला लागते ती मेमरी ओट्यासारखी. कपाट रिकामं करून ओटा मोठा होत नाही. नशीब, पुसलेलं सगळं अजून तिथल्या कचऱ्याच्या टोपलीत होतं. ते परत काढलं.

तोवर लेकीने दुसरा उपाय सुचवला. गेममध्ये लोक किती आणि गाड्या किती, हे ठरवता येतं. ते शून्यावर आणा, ओट्यावरचा पसारा कमी होईल. वहिनीने तसं केलं, आणि काय सांगू, गेम पाण्यासारखा वाहायला लागला. सगळं शहर ओस. दुकानं उघडी, सिग्नल चालू, आणि माणूस औषधालाही नाही. दादा निघाले. मी त्यांच्यामागे खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले, सवयीने पाय फाकवून. चौक, पूल, चढ, उतार, सगळं जुन्यासारखं. ब्रेक लावताना पडद्यावरची क्षितिजाची रेघ हलत नव्हती. डावीकडची वळणं ते जरा लांबून घेत होते आणि डाव्या अंगाला भरपूर जागा सोडत होते, पण ते मला दुखण्यातून उठलेल्या माणसाची सावधगिरी वाटली. फेरी संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या. वहिनीने देवाचं नाव घेतलं. तिथूनच मी मॅनेजरला फोन लावला. तो लागला नाही, लागला असता तर मी हो म्हणून मोकळी झाले असते.

दादा मात्र खूश नव्हते. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून म्हणाले, “ओसाड गावात कुणीही राजा. लोक नसले तर ब्रेक कुणासाठी लावायचा? मला लोक पाहिजेत.” मी म्हटलं की झालं ना सिद्ध, आता कशाला हट्ट. तर ते माझ्यावर प्रथमच ओरडले. परीक्षेत पास करतील, ते ठीक आहे, म्हणाले. पण मंगळवारी गाडी बाजारात नेली आणि पुन्हा तसाच अडकलो तर? मला एकदा, फक्त एकदा, लोकांनी भरलेल्या बाजारातून न अडकता जाऊन बघायचंय. त्यानंतर तुम्ही म्हणाल ते. कुलपाच्या डब्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि ते बघणं मला अजिबात आवडलं नाही.

आता लोक पाहिजेत म्हणजे मेमरी पाहिजे. मी वहिनीला विचारलं की नवीन मेमरी आणून बसवायची का. तिने लेकीला फोन केला. हा बसचा गेम खेळणारे वेडे इंटरनेटवर जिथे गप्पा मारतात, त्या ठिकाणी लेकीने शोधाशोध केली होती. तिने सांगितलं ते ऐकून मी थक्कच झाले. कॉम्प्युटरच्या अंगात आठ जीबी मेमरी आहे, पण हा गेम जुन्या वळणाचा. तो बनवला तेव्हा प्रोग्रॅमांना दोनच्या वर मागायची सवयच नव्हती. त्यामुळे आठ वाढून ठेवलेले असले तरी हा भिडस्त पाहुण्यासारखा दोनच घेतो, आणि भूक लागली की कोसळतो. एक चिमुकला प्रोग्रॅम आहे, तो गेमच्या मुख्य फाइलमध्ये एक खूण बदलतो. बस, एवढंच. मग गेम चारपर्यंत हात पुढे करतो.

“आणि तो दोनच घेतो हे आपल्याला कोणी सांगितलं नाही?” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात इतका राग होता की मला वाटलं, ती आता कॉम्प्युटरच्या थोबाडीत देणार.

रविवारी सकाळी मी गेले. दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि मॅनेजरला उत्तर त्याच दिवशी द्यायचं होतं. दादांनी दार उघडलं. दाढी केलेली होती, पण डाव्या गालावर पांढरे खुंट तसेच होते. मी म्हटलं, “काय दादा, ब्लेडची काटकसर चाललीय?” ते हसले, उजव्या गालावरून हात फिरवला आणि गुळगुळीत तर आहे म्हणाले. वळताना डावा खांदा चौकटीला थडकला. डाव्या सँडलचा पट्टा लोंबत होता. टेबलावर त्यांची बशी होती, तिच्यात डाव्या अंगाचं अर्धं ऑम्लेट. वहिनी म्हणाली की आजकाल हे असंच, अर्धं टाकतात आणि वर मलाच म्हणतात की तू कमी वाढतेस. आम्ही दोघी हसलो. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही हसलो.

वहिनी कॉम्प्युटरपुढे बसली, फोन खांद्याला लावून. लेक पलीकडून एकेक पायरी सांगत होती. आधी गेमच्या फाइलची नक्कल करून बाजूला ठेव. आता तो छोटा प्रोग्रॅम उघड. तो विचारेल, कुठली फाइल? ती दाखव. आता ओके म्हण. वहिनी जाड सुईत दोरा ओवताना जशी श्वास धरते तसा श्वास धरून बसली होती. झालं, अशी पाटी आली. एवढंसं ते काम, आणि त्यासाठी बिचारीने आपलं लग्न पुसलं होतं.

मग तिने लोक आणि गाड्या पुन्हा भरपूर केल्या आणि ती उठली. दादा बसले. बसताना त्यांनी खुर्ची सरकवली, आरशाला हात लावायला गेले, आरसा नाही हे लक्षात येऊन हात परत घेतला. किल्ली फिरवली. मी मागे उभी राहिले. वहिनी कपाटाला टेकून उभी होती, तिचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले.

गाडी निघाली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा गेम मी कधी पाहिलेलाच नाही. इमारतींना लांबूनच खिडक्या होत्या. दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या. एक सायकलवाला गेला, एक बाई पोराचं बोट धरून उजवीकडून रस्ता ओलांडत होती, तिच्यासाठी दादांनी गाडी अशी हळूच थोपवली की माझे डोळे भरून आले. एकही झटका नाही. बाजारपेठ आली, जिथे आजवर हमखास दम तुटायचा. चित्र तसंच सुळसुळीत पुढे सरकत राहिलं. वहिनीने माझा दंड धरला आणि दाबला.

पहिला स्टॉप आला. डाव्या फुटपाथवर सात-आठ माणसं उभी होती. एक म्हातारा काठी टेकून, एक बाई दोन पिशव्या घेऊन, एकाने हातही पुढे केला होता. दादा वेग कमी न करता पुढे गेले.

मला वाटलं, चालवण्याच्या नादात राहून गेलं असेल. दुसरा स्टॉप आला. तिथे तर रांगच होती. गाडी तिच्या शेजारून निघून गेली. रांगेतली माणसं, गेममध्ये असतात तशी, नुसती मान वळवून बघत राहिली. मी वहिनीकडे बघितलं. तिची माझ्या दंडावरची पकड सैल झाली होती.

“छान चाललाय गं,” दादा म्हणाले. त्यांचा आवाज कितीतरी महिन्यांनी हलका झाला होता. “अजिबात अडकत नाही. समोरच्या बाजूला गर्दी बघ केवढी, ते आपल्या उलट दिशेचे. आपल्याच बाजूला कसं कुणी नाही? पोरीला विचार, आपल्या बाजूला लोक घालायचे राहिले का.” मग स्वतःशीच हसून म्हणाले, “का मेमरी अर्ध्याच गावाला पुरली?”

तिसरा स्टॉपही गेला.

सँडलचा पट्टा डावा. गाल डावा. खांदा डावा, ऑम्लेट डावं. डोळे उत्तम, डॉक्टर बरोबरच म्हणाले होते. डोळे बघत होते, पण डोक्यातल्या त्या गाठीने डावी बाजू हिशेबातूनच काढून टाकली होती, आणि काढून टाकलंय हेही त्यांना कळू दिलं नव्हतं. ओस गावात डावीकडे कुणी नव्हतंच, म्हणून आम्हाला ते दिसलं नाही. अडखळत्या गेममध्ये लोक उशिरा उगवत होते, म्हणून दोष यंत्राचा वाटला. आता यंत्राला पोटभर मेमरी मिळाली होती. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

आणि मी त्या दिवशी फोन लावला होता. तो लागला असता तर? खऱ्या रस्त्यावर, डाव्या अंगाला, खरी बाई पोराचं बोट धरून उभी असते.

वहिनीने मानेनेच मला नको म्हटलं. नको, सांगू नकोस. तिचे डोळे शिवणाच्या डब्यावर होते. तिला कळलं होतं, माझ्यासारखंच सगळं कळलं होतं, आणि तरी ती नको म्हणत होती. मला तिचा राग आला आणि तिची इतकी कीव आली की काय करावं सुचेना. सांगितलं तर हा माणूस जातो. नाही सांगितलं तर दुसरं कुणी जातं. पुढचा स्टॉप दिसायला लागला होता, फुटपाथ भरून माणसं.

मी वहिनीच्या कपाटाच्या पत्र्यावर बोटाची अंगठी आपटली. एकदाच. टण्ण.

दादांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. विचार करून नाही. तो पाय मला त्यांच्यापेक्षा जास्त ओळखतो. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि स्टॉपच्या खांबापाशी अशी टेकली की मखमलच. बोटाने त्यांनी दाराचं बटण दाबलं. फुस्स झालं.

“कोण उतरतंय?” त्यांनी विचारलं.

गेममधली माणसं चढायला लागली. पायऱ्यांवर पावलांचे आवाज, पिशव्यांची खसखस, कुणीतरी ड्रायव्हरला नमस्कार केला. दादा उजवीकडच्या खिडकीकडे बघत होते. आवाज वाढत गेले तसे त्यांचे खांदे ताठ होत गेले.

“मास्तरीण,” ते म्हणाले, “हे कोण चढतंय?”

मी त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले. पडद्यापुढे बोट धरलं आणि म्हटलं, “दादा, माझ्या बोटाकडे बघा. सोडू नका.” मग बोट सावकाश डावीकडे नेऊ लागले. त्यांची नजर बोटाबरोबर आली, मधेच निसटून परत उजवीकडे गेली. मी पुन्हा सुरुवात केली. मधे आल्यावर त्यांना मान वळवणं जड जात होतं, कपाळावर घाम आला. वहिनी मागून आली आणि तिने दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून हळूच वळवलं, लहान मुलाला भिंतीवरचं घड्याळ दाखवावं तसं.

दारात गर्दी होती. काठीवाला एक म्हातारा पायरीवर पाय ठेवत होता. त्याच्यामागे पार फुटपाथच्या टोकापर्यंत माणसं.

दादा बघत राहिले. वहिनीच्या हातांत त्यांचं डोकं होतं, तिच्या बोटांना डाव्या गालावरचे खुंट लागत असणार.

“हे कधी आले?”

“पहिल्या स्टॉपपासून आहेत,” मी म्हणाले.

इंजिन धडधडत होतं. मग त्यांनी आपला डावा हात वर केला, गालावर नेला, आणि तिथे चाचपला. हात खाली घेतला. “खरी गाडी चालवत होतो तेव्हा, शेवटच्या दिवशी,” ते म्हणाले, “कुणाला लागलं तर नाही ना माझ्या हातून?” मी म्हटलं, नाही दादा, कुणाचा तोल सुद्धा गेला नाही. ते त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी मला तेच पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. तेवढ्यात वहिनीने गुडघे टेकले आणि त्यांच्या डाव्या सँडलचा पट्टा लावायला घेतला. पट्टा तिला दिसत नव्हता इतकं पाणी तिच्या डोळ्यांत होतं. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, उजवा. मग तो उचलून डावा ठेवला, आणि तो तिथेच आहे ना हे मान वाकडी करून मुद्दाम बघितलं.

पडद्यावर सगळी माणसं चढून झाली होती. दार उघडं होतं. माझा हात सवयीने कपाटाकडे गेला होता, बोटं वाकलेली. गाडी भरली की माझं काम तेच. दादांना ते दिसलं नसेल, कपाट डावीकडे आहे. पण इतकी वर्षं मी मागे काय करते हे त्यांना न बघताच कळतं.

“मास्तरीण,” ते म्हणाले, “डबल बेल देऊ नकोस.”

त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.